चाकाला हात न लावता मडकी घडवता येतात का? आफ्रिकेतल्या बायकांबद्दल विचारायचं होतं

कुंभारवाड्यातली सून (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. इथे वाचते नेहमी, लिहून पहिल्यांदा राहिले. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कुंभाराघरची सून, माहेरही कुंभाराचंच. बी.ए. झाले. गावातल्या बचत गटाचा हिशेब मीच लिहिते. आमच्याकडे तळ्यातली माती आणणं, ढेकळं फोडणं, चाळणं, लीद-राख मिसळून तुडवणं, वाळत घातलेली मडकी ऊन पाहून आत-बाहेर करणं, गेरूचा हात देणं, आव्यासाठी (मडकी रचून भाजतात तो) पऱ्हाट्या-तुराट्या-गोवऱ्या गोळा करणं, शेवटी टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात बसणं, हे सारं बायकांकडे. चाक मात्र माणसांचं. बाईनं चाकाला हात लावला की चाक बाटते, असं आजेसासूच्या तोंडून ऐकलं, आईच्याही तोंडून ऐकलं. आमच्याकडे कोणी त्यावरून मारत नाही, ओरडत नाही. हातच पुढे होत नाही.

आता गटाच्या बैठकीत मी म्हटलं, पापड-लोणची सगळेच गट करतात, आपण मातीचं काम धरू. निम्म्या बाया कुंभारांच्याच आहेत. तर मामंजींनी एकच विचारलं, "चाकावर बसणार कोण?" घरात प्रशिक्षणानंतर मिळालेलं विजेवरचं चाक आहे, ते यांच्या नावावर. हे वीटभट्टीच्या हंगामात बाहेर असतात तेव्हा ते चाक पोत्याखाली झाकून पडलेलं असते. दिवाळीच्या पणत्यांपुरतं निघते.

परवा मोबाईलवर आफ्रिकेतली एक बाई पाहिली. चाक नाही, साचा नाही. मडकं जमिनीवर आणि ती स्वतः त्याच्या भोवती फिरून राहिली होती. मडकं तिच्या कमरेपर्यंत आलं. तिकडे मडकी बायकाच करतात, हे खरं आहे का, की त्या व्हिडिओपुरतं? चाकाशिवाय एवढं मोठं भांडं सारख्या जाडीचं कसं होते? आणि भाजतात कशात? कोणी पाहिलं असेल, वाचलं असेल, तर जरा सविस्तर सांगा. आमची काळी माती आहे, तिच्यात जमेल का, हेही.

जुना गणित मास्तर (चंद्रपूर)

ताई, मी पाहिलंय. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नायजेरियाला तेलाचा पैसा आला आणि शाळांना मास्तर कमी पडले. आपल्याकडून गणित-विज्ञानाचे पुष्कळ शिक्षक गेले, त्यात मी एक. माझी शाळा नायजर राज्यात, मिन्ना गावापासून आत. शाळेमागे ग्वारी लोकांची वस्ती होती. त्यांच्या बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर घेतात. लाकडाची मोळी असो की पाण्याचं भांडं असो, मान मोकळी. आमची मंडळी (सोबत होती) पहिले काही दिवस नुसती तेच पाहत उभी राहायची.

मडकी तिथे बायकाच करत. मी जे पाहिलं ते असं: मातीचा मोठा गोळा घ्यायचा, मुठीनं मधोमध खळगा पाडायचा, आतून खेचत कड वर आणायची. मग अंगठ्याहून जाड वळ्या करायच्या आणि कडेवर एकेक चढवत जायची. बाई कमरेत वाकून मडक्याभोवती फिरते, आणि फिरते ती उलट्या पावलांनी. घाण्याचा बैल फिरतो तशी, फक्त मागे मागे. एक हात आत, एक बाहेर. जाडी सारखी येते ती दोन्ही तळहातांच्या मधल्या अंदाजानं. आतून चपट्या लाकडानं थोपटते, वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्यानं खरवडते, ओल्या चिंधीनं काठ फिरवते. गळा झाला की थोडं सुकू द्यायचं आणि मग नक्षी: खाचा पाडलेली लाकडी कांडी किंवा पीळ दिलेली दोरी ओल्या मातीवर फिरवली की पट्टा उमटतो. सरडे, विंचू, मगरी, मासे टोकदार काडीनं कोरायचे.

भाजायला भट्टी नसते. उघड्या जागेवर मडकी रचायची, त्यावर लाकूड, वाळलेलं गवत, साल, शेण, जे मिळेल ते. पेटवलं की धडाधड जळतं. अशा उघड्या जाळात साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत उष्णता जाते. तुमच्या आव्यालाही याहून फार जास्त मिळत नाही. काही गावांत तासाभरातच काम आटोपतं. पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी गरम मडकं बाहेर काढून त्यावर झाडाच्या सालीचा किंवा शेंगांच्या टरफलांचा काढा शिंपडतात. चर्रर आवाज होतो, मडकं काळपट तपकिरी होतं आणि छिद्रं थोडी बुजतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तिथे जवळच, तेव्हाच्या अबुजा म्हणजे आताच्या सुलेजा गावी, एक कुंभारकाम केंद्र होतं. इंग्रज अमदानीत मायकेल कार्ड्यू नावाच्या इंग्रज कुंभारानं ते सुरू केलं. चाक आणलं, झिलई (मडक्यावरचा काचेसारखा लेप) आणली, बाराशे अंशांच्या वर जाणारी भट्टी आणली. त्या सगळ्या मुलखात मडकी करणार बायका, आणि केंद्रात शिकायला आले कोण? पुरुष! पहिली बाई आली १९५४ साली, लाडी क्वाली. क्वाली हे तिचं गाव. आत्याकडून लहानपणीच मडकी शिकलेली. तिची मडकी तिथल्या अमीराच्या वाड्यात कार्ड्यूनं पाहिली होती, म्हणून ती केंद्रात आली. ती चाकही शिकली, पण नाव झालं ते हातानं उभारलेल्या पाण्याच्या मोठ्या मडक्यांमुळे. इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तिनं लोकांसमोर मडकी करून दाखवली, १९७७ साली झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली, आणि आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला तिचं चित्र आहे. आपल्या नोटेवर कधी कुंभारीण पाहिली?

पण मला खटकलेलं एक सांगतो. तिच्या मडक्यांना केंद्रात झिलई चढली आणि ती दिवाणखान्यात गेली. झिलई चढली की मडकं पाझरत नाही, आणि पाझरलं नाही तर पाणी गार होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ते मडकं कोणी फुकट घेणार नाही.

माझं मत असं, की बाटण्याचं कारण लोक मागून जोडतात. चाक जिथं येतं, तिथं झटपट माल, जास्त नग आणि रोकडा येतो, आणि मग ते काम पुरुषाकडे सरकतं. घरचं काम, घरची भांडी, शेतीतून वेळ काढून करायचं, तोवर ते बाईचं. हे मी इथंही पाहिलं, तिथंही.

वैनगंगेकाठचा (पवनी, जि. भंडारा)

मास्तर, वाचून मजा आली. मी चाकावर बसणारा कुंभार हाये, म्हणून थोडं आमच्याकडूनही आयका.

जुनं चाक दांड्यानं फिरवा लागे. खांद्याचा भुगा व्हायचा. बाबा रात्री माझ्याकडून खांदा तुडवून घेत. ते काम पोटुशी बाईनं, लेकुरवाळीनं करावं असं नव्हतं, म्हणून माणसाचं झालं असंल, असं मले वाटे. आता बटन दाबलं का चाक फिरते. तवा ताकदीचं कारण सांगाले मलेही जागा उरली नाही.

पण ताई, चाकावरून उतरते ते मडकं नसतेच. तुम्हाले माहीत असंलच, बाकीच्यांसाठी सांगतो. चाकावर गळा, खांदा अन् जाडजूड बूड तेवढं होते. मग अर्धं सुकल्यावर आतून टणक गोळा धराचा अन् बाहेरून लाकडी थापीनं ठोकाचं. ठोकून ठोकून बूड गोल होते, पोट सुटते, जाडी उतरते. माठाचं खरं घडणं ते. आमच्या घरी थापी मायच्या हातात. सत्तरी ओलांडली तिनं, पण तिच्या थापीचा आवाज आयकून मी सांगू शकतो का मडक्याची कोणती बाजू जाड राहिली. बाजारात गिऱ्हाईक बोटाच्या पेरानं ठोकून पाहते अन् इचारते, "कोणी बनवला गं माठ?" माय म्हणते, "पोरानं."

दुसरं, बाटण्याचं. माझी माय अडचणीच्या दिवसांत आव्याजवळ जात नव्हती, सुनेलेही जाऊ देत नव्हती. आवा फुटला का पहिला संशय बाईवर. तिकडं असं काही नाही का?

अभ्यासिका, अमरावती

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, म्हणून हे माझ्या वहीतून टाकते. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या याद्यांमध्ये आफ्रिकेतल्या बायकांची मातीची भांडी निदान दोनदा आली आहेत. बोत्स्वानातल्या कगातलेंग जिल्ह्याची २०१२ साली, तीही 'तातडीनं जपायला हवं' या यादीत. तिथं माती, झिजलेला वाळूचा खडक, लोहाची लाल माती आणि शेण वापरतात. बीअर साठवायला, ज्वारीचं पीठ आंबवायला, पाणी आणायला, स्वयंपाकाला आणि पूर्वजांच्या विधींना ही भांडी लागतात. माती कुठून घ्यायची ते मुख्य कुंभारीण पूर्वजांचं ध्यान करून ठरवते. विद्या लेकी-नातींना जाते.

दुसरं ट्युनिशियातलं सेजनान, २०१८. माती खणण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं बायका करतात, बाहुल्या आणि प्राणीही करतात. पुरुष मदत करतात ती विक्रीत. म्हणजे तुमच्या घराच्या बरोब्बर उलट, ताई! तिकडे बाई घडवते आणि पुरुष विकतो.

आणि आफ्रिकेत मडकी किती जुनी? माली देशातल्या उंजुगू इथं सापडलेली खापरं इ.स.पू. ९४००च्या आसपासची आहेत. चाक तेव्हा जगात कुठंच नव्हतं.

एक नाव अजून. मॅग्डालीन ओडुंडो, १९५० साली नैरोबीत जन्म. मास्तरांनी सांगितलेल्या त्याच अबुजाच्या केंद्रात येऊन शिकल्या. आज जगभरच्या संग्रहालयांत त्यांची भांडी आहेत आणि अजूनही चाक नाही, झिलई नाही. हातानं उभारायचं आणि घोटून घोटून चकाकी आणायची.

जुना गणित मास्तर (चंद्रपूर)

पवनीवाले, चांगलं विचारलंत. तिकडेही विटाळ आहे, आणि भरपूर आहे. कितीतरी जमातींत पाळी आलेल्या किंवा गरोदर बाईनं मातीच्या खाणीवर जायचं नाही, भाजणीजवळ यायचं नाही. मडकं तडकलं की हाच संशय. फरक असा की तिथं हे नियम बायकाच बायकांवर चालवतात, कारण धंदा त्यांचा. आणि काही ठिकाणी बंदी पुरुषावर! केनियातल्या किकुयू लोकांत मडकी घडत असताना पुरुषानं जवळ फिरकायचं नाही असा दंडक होता.

मात्र ताई, तिकडे सगळं बायकांच्या हाती, असं समजून गटाच्या बैठकीत सांगू नका. कोणी वाचलेला माणूस निघाला तर अडवेल. युगांडातल्या गांडा लोकांत कुंभार पुरुष होते, आणि हौसांमध्येही काही ठिकाणी पुरुषच मडकी करतात. घानातल्या असांते लोकांत रोजची भांडी बायकांची, पण माणसाची आकृती असलेली भांडी पुरुषांनी करायची. बाईनं केली तर वांझ होईल, अशी भीती घातलेली. म्हणजे मानाचा आणि दक्षिणा मिळवून देणारा माल तेवढा बाजूला काढलेला. तुमच्या चाकासारखीच गोष्ट ही, फक्त रेघ दुसरीकडे ओढलेली.

मालीत सेगू शहरासमोर नायजर नदीपलीकडे कालाबुगू नावाचं गाव आहे. तिथल्या कुंभारणी लोहारांच्या घरच्या. नवरा लोखंड तापवतो, बायको माती भाजते. लग्नं आपसातच. अगदी आपल्या बलुत्यासारखी बांधणी. तिथं कोणी म्हणत नाही की आगीचं काम बाईला झेपत नाही.

आणि पवनीवाले, तुमच्या मातोश्रींची थापी आणि गोळा! सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात बायका नेमक्या त्याच ठोकण्यानं अख्खं भांडं उभं करतात. जमिनीत खोलगट जागा करायची, त्यात मातीचा थर ठेवायचा, आतून गोळ्यानं ठोकत फिरवत जायचं. चाकाची वाटच पाहत नाहीत. तुमच्या घरात निम्मं आफ्रिकी तंत्र आधीपासून आहे. फक्त श्रेय पोराकडे जातं, एवढंच.

माजी फौजी (दारव्हा, जि. यवतमाळ)

आफ्रिकेपर्यंत कशाला जाता. माझी पोस्टिंग मणिपूरला होती. इंफाळजवळ आंद्रो गाव आहे. तिथं मडकी फक्त लग्न झालेल्या बायका करतात. चाक नाही. मडकं जागेवर, बाई भोवती फिरते. निकोबारच्या चौरा बेटावरही मडकी बायकांचीच. आपल्याच देशात आहे, तर गावात सांगताना हे आधी सांगा. म्हातारे आफ्रिका ऐकतील तर "ते तिकडचं" म्हणून मोकळे होतील.

कुंभारवाड्यातली सून (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. दादा-काका, धन्यवाद. फौजीकाका, तुमचं बरोबर निघालं. मी मामंजींना दोन्ही सांगितलं. आफ्रिकेवर "हूं" म्हणाले आणि मणिपूरवर मान वर केली.

मास्तरकाका, तुम्ही रेघ ओढण्याचं लिहिलं ते मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नवरात्रात घट आपल्या हातचे चालतात, लग्नातल्या मडक्यांना चुना-गेरूची नक्षी आपल्या हातची चालते, मग चाकच काहून बाटते?" तिनं हे आधी कधी बोललं नव्हतं.

मला चाकावरून भांडण करायचंच नाही. चाक राहू दे यांच्या नावावर. पण चाकाशिवाय करायचं तर विकणार काय? माठ तर पाच-सहा गावचे कुंभार चाकावर करतात. त्यांच्या भावात आम्हाला हातानं परवडणार नाही. आणि माती? काळी माती सुकताना तडकते, आमच्याकडे पणत्यासुद्धा जातात.

वैनगंगेकाठचा (पवनी, जि. भंडारा)

ताई, माठाच्या मागं लागू नका. लांब रोटीचं मटकं करा.

आमच्याकडं भंडाऱ्या-नागपुराकडं चुलीवर मटकं उपडं ठेवून त्याच्या पाठीवर रोटी टाकतात, हाताएवढी लांब. लग्नात, धाब्यावर, आता तं शहरातल्या हॉटेलातही. पण ते मटकं सारखं जाळावर असते, वरून गार कणिक पडते. साध्या माठाचं मटकं दोन रोट्यांत टर्रकन जाते. जाळावरच्या भांड्याले भरड माती लागते, नदीची रेती अन् जुन्या खापराचा चुरा घातलेली. भरड कण जाळात माती फुगली-आकसली तरी भेग पुढं जाऊ देत नाही. अन् गंमत अशी का भरड माती चाकावर हात सोलून काढते. मी स्वतः टाळतो. हातानं, थापीनं कराले ती काही त्रास देत नाही. म्हणजे जे चाकवाल्याले नको, तेच तुम्हाले सोपं.

जुना गणित मास्तर (चंद्रपूर)

अगदी हेच. आफ्रिकेतली स्वयंपाकाची भांडी म्हणूनच अशी भरड असतात. खापराचा चुरा, रेती, कोंडा, शेण, जिथं जे मिळेल ते. तिथं अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकनं पाण्याची मडकी घालवली, पण शिजवायचं मडकं पुष्कळ घरांत टिकून राहिलं.

काळ्या मातीबद्दल: आपली रेगूर पाणी पिऊन फुगते आणि सुकताना खूप आकसते, म्हणून तडकते. ती एकटी घेऊच नका. तळ्याच्या तळाची पिवळट माती मिळाली तर ती मुख्य धरा, काळी थोडी चिकटपणापुरती. किती मिसळायची ते पुस्तकात शोधू नका. वेगवेगळ्या मिश्रणाच्या बोटभर जाड वड्या करा, ओल्या असतानाच प्रत्येकीवर १० सेंटीमीटरची रेघ मारा, सावलीत सुकवा आणि पुन्हा मोजा. रेघ जास्त आकसलेली वडी बाद. भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीकामाचं जुनं केंद्र आहे, तिकडेही एकदा विचारा.

गणिताच्या मास्तराचा अजून एक आगाऊ सल्ला. मटक्याचा हिशेब गटाच्या वहीत घडवणारीच्या नावानं लिहा. प्रत्येक मटक्याच्या बुडाशी ओलं असताना तिची खूण करा. नखाची असली तरी चालेल.

कुंभारवाड्यातली सून (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

खुणेचं पटलं. वड्या आजच टाकते. पवनीचे दादा, तुमच्या आईंची थापी पाहायला आलो तर चालेल का? आम्ही चौघी-पाचजणी येऊ, मामंजींनी गाडीचं विचारलं म्हणजे हो म्हटल्यासारखंच आहे. सकाळी निघालो तर संध्याकाळी परत यायला हवं, दोघींची लेकरं लहान आहेत.

वैनगंगेकाठचा (पवनी, जि. भंडारा)

याच. बाजाराचा दिवस सोडून कवाही या, त्या दिवशी माय घरी नसते. मायले सांगितलं तं तिनं इचारलं, "कशाले येऊन रायल्या?" म्हटलं, "तुह्याकडून शिकाले." तवापासून जुन्या थाप्या धुऊन ओट्यावर मांडून ठेवल्या. येताना आपापल्या तळ्याची माती आणा, एका थैलीत कोरडी अन् एका थैलीत भिजलेली. भाकरी बांधून आणू नका. अन् बायांना सांगा, नखं कापून या, नाहीतर आतल्या बाजूनं चरे पडतात अन् माय पहिल्याच मडक्यावर हाकलून देते.